मांगातली ओढ छापाचित्रात उतरते का?

निळीशाई:
मांगातून, म्हणजे जपानी चित्रकथांतून, प्रेरणा घेऊन क्विअर (समलिंगी किंवा लिंगभावाच्या रूढ साच्याबाहेरच्या) व्यक्तिरेखा छापणाऱ्या प्रयोगशील मुद्राचित्रकारांवर माझा आक्षेप असा, की ते मांगाचा चेहरा उचलतात आणि त्यातला काळ मागे सोडतात. मांगाकार गेंगोरो तागामे यांची ‘भावाचा नवरा’ (२०१४-१७) ही मालिका पाहा. दिवंगत जुळ्या भावाचा कॅनडियन नवरा माइक घरी येतो, तेव्हा याइचीच्या मनातला संताप एका चौकटीत फुटतो आणि पुढच्याच चौकटीत कळते, की तो प्रत्यक्षात काहीच बोललेला नाही. ओढ असो वा अढी, ती अशी दोन चौकटींच्या मध्ये राहते. एकच चौकट मोठी करून भिंतीवर लावली, की उरते ती शोभा.

ठसा:
उदाहरण आपण दिलेत, पण ते आपल्याच विरोधात जाते. माइकला याइचीच्या चेहऱ्यात आपला गेलेला नवरा र्‍योजी दिसतो, म्हणजे एका चेहऱ्यावर दुसरा, आणि हे तर छपाईचेच काम आहे. रिझोग्राफ या छपाईयंत्रात प्रत्येक रंगाच्या शाईचा ढोल वेगळा असतो; गुलाबी छापून कागद निळ्यासाठी पुन्हा घातला, की तो किंचित सरकतो आणि ओठांच्या कडेला दुसरे ओठ उमटतात. त्यासाठी पुढची चौकट लागत नाही.

निळीशाई:
ती सरक यंत्र फुकटच देते. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रकावरही ती असते, म्हणून त्याला कोणी विरह म्हणत नाही.

काठावरून:
दोघांनीही एक प्रश्न टाळला आहे: ही ओढ कोणाची? पुरुषांच्या प्रेमाच्या ज्या मांगांतून हे सुकुमार चेहरे येतात, त्या बहुतांशी स्त्रियांनी स्त्रियांसाठी रचल्या, आणि १९९२ मध्ये एका समलिंगी पुरुषाने जपानमध्ये त्यांवर जाहीर टीका केल्यावर मोठा वाद पेटला. स्त्रियांची बाजूही पोकळ नव्हती, कारण मुलीच्या देहावर लादलेल्या अपेक्षांपासून दूर राहून इच्छा रेखाटायला त्यांना ही जागा मिळाली होती. तागामे स्वतः समलिंगी आहेत आणि त्यांची माणसे धिप्पाड, केसाळ. मात्र मी पाहिलेल्या छापाचित्रांत असा देह क्वचितच दिसतो.

ठसा:
देहाबाबत मान्य. पण ‘फुकट’ हा शब्द मान्य नाही, कारण मांगाचा ठिपकेदार टोन, म्हणजे बारीक ठिपक्यांनी दाखवलेली छटा, स्कॅन करून पुन्हा ठिपक्यांतच छापला, तर गालावर लाटांची नको असलेली जाळी उठते. ती घालवायची की ठेवायची, हे छापणाऱ्यालाच ठरवावे लागते.