भोपाळच्या 1984 मधल्या वायुगळतीवरचा चित्रपट पाहिला. मरणं पडद्यावर दाखवावीत का?

राजेंद्रनगरची
रविवारी रात्री घरी 'भोपाळ: अ प्रेअर फॉर रेन' (2014) पाहिला. राजपाल यादव त्यात रिक्षावाला आहे. त्याला युनियन कार्बाइडच्या कारखान्यात नोकरी लागते, घरात जरा बरे दिवस येतात. पुढे काय होणार हे आपल्याला पहिल्या मिनिटापासून ठाऊक असतं, त्याला नसतं. तेच मला सोसलं नाही. शेजारी आई बसली होती. 1984 साली ती नुकतीच लग्न होऊन इंदुरात आली होती. माणसं गुदमरायला लागली तशी ती उठली आणि घासून ठेवलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

मी मात्र शेवटपर्यंत पाहिला. खूप रडले, मन हलकं झालं आणि शांत झोप लागली. सकाळपासून त्या झोपेचीच लाज वाटते आहे. त्या माणसांची घरं आपल्यापासून चार तासांवर आहेत. कारखान्याची गोष्ट जरूर सांगा, पण त्यांचं तडफडणं नटांकडून करवून घेऊ नका.

सुदामानगरकर
ताई, मला हे अजिबात पटत नाही. माझी मुलगी इथेच इंजिनिअरिंग करते. तिला 'गॅसकांड' हा शब्द माहीत होता, बस. हाच चित्रपट पाहून उठली आणि रात्री दीडपर्यंत वाचत बसली. विषारी रसायनाची टाकी क्रमांक 610 थंड ठेवणारी यंत्रणा बंद का होती? वायू धुऊन काढणारा स्क्रबर, तो जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर, दोन्ही वेळेला उपयोगी कसे पडले नाहीत? चाळीस टनांच्या आसपास मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू झोपलेल्या शहरावर गेला. तोंडावर ओलं फडकं धरा, एवढंही लोकांना कुणी सांगून ठेवलं नव्हतं. हे वाचून ती माझ्याशी भांडल्यासारखी बोलत होती.

सरकारने आधी 2,259 मृत्यू सांगितले, पुढे आकडा 5,295 वर गेला. 2010 मध्ये कंपनीच्या सात अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली. हे सगळं कितीतरी वेळा छापून आलं आहे. तिला हलवलं ते पडद्यावरच्या माणसांनी.

जुनी इंदुरी
छायाचित्रकार रघू राय यांनी काढलेला, मातीत पुरल्या जाणाऱ्या बाळाचा फोटो आठवा. तोही दाखवायला नको होता का?

राजेंद्रनगरची
त्या फोटोला संगीत नाही. आता रडा, आता थांबा, असं तो सांगत नाही.

महूनाक्यावरून
माझी मावशी त्या रात्री भोपाळमध्ये होती. असला एकही चित्रपट तिने पाहिलेला नाही. आम्ही पाहिला तर रागावत नाही. तिला पहिल्यांदा वाटलं होतं की कुणीतरी मिरच्या जाळल्या आहेत. अजूनही फोडणीत सुकी मिरची पडली की ती अंगणात जाऊन उभी राहते, मग घरात पाहुणे असोत की कुणी. माझी तक्रार मरणं दाखवण्याबद्दल नाहीच. ती रात्र संपली की चित्रपट संपतो, याबद्दल आहे. मावशीचा दम, डोळे, कागदपत्रांसाठीचे हेलपाटे, हे कुणी दाखवत नाही.

पिथमपूरला नोकरी
एक बाजू राहिली. जानेवारी 2025 मध्ये त्या कारखान्यातला 337 टन कचरा बारा कंटेनरांतून जाळण्यासाठी इंदूरजवळच्या पिथमपूरला आला, तेव्हाचं आठवतं? माझ्या गल्लीत लोकांना वाटत होतं की तोच वायू येतो आहे. डोळ्यांपुढे पडद्यावरचीच दृश्यं होती. गावात बंद पाळला गेला, दोन माणसांनी अंगावर ज्वलनशील द्रव ओतून पेटवून घेतलं. मी रोज त्या रस्त्याने जातो, बायको घरी बसून रडायची. वायू 84 मध्येच गेला होता, हा उरलेला विषारी कचरा होता. दोन्हींची काळजी वेगळी घ्यावी लागते. चित्रपटाने भीती दिली, माहिती दिली नाही.

सुदामानगरकर
भीती चित्रपटाची नव्हती, दादा. चाळीस वर्षं ज्यांनी नीट उत्तरं दिली नाहीत, त्यांच्यावर अविश्वास होता, आणि तो रास्तच होता. 30 जूनपर्यंत कचरा जाळून झाला, पण राखेचं काय, हे आपण विचारायलाच हवं. इकडच्या यशवंतसागर तलावाचं पाणी आपणच पितो.

महूनाक्यावरून
बरोबर. पण मावशीच्या भागात लोकांनी कारखान्यालगतचं दूषित पाणी वर्षानुवर्षं प्यायलं, तेव्हा इंदुरात कुणी बंद पुकारला नव्हता. मीही नाही.

राजेंद्रनगरची
माझं मत अजून तेच आहे. पण काल आईला भांड्यांबद्दल विचारलं, ते इथे सांगायला हवं. गळतीनंतर त्या डिसेंबरात कारखान्यात उरलेला वायू निकामी करायचं ठरलं, तेव्हा भोपाळ सोडून लोक मिळेल त्या गाडीने निघाले होते. त्यातलं एक कुटुंब आमच्या घरी आठवडाभर राहिलं होतं. आईने हे इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. त्यांच्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. आई चूल पेटवायची तशी ती उठून दाराची कडी काढून ठेवायची.