मदत हवी आहे : अ‍ॅम्बेसेडरचा डेल्को एका दाताने चुकलाय का?

राम राम मंडळी. मी जळगावचा. वडिलांची जुनी अ‍ॅम्बेसेडर आहे, १४८९ सीसी पेट्रोल. इंजिनाच्या कामात मिस्त्रींनी डेल्कोसोबत (डेल्को म्हणजे प्लगना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर) त्याखालचा, त्याला फिरवणारा ड्राइव्ह गिअरही काढला होता. आता गाडी चालू होते, पण कार्बोरेटरमधून फटाके मारते. डेल्को फिरवत नेला की जरा सुधारते, तेवढ्यात डेल्कोच्या बाजूची व्हॅक्यूमची डबी इंजिनाच्या ब्लॉकला अडते. त्यावरून गिअर एक दात इकडेतिकडे बसला असावा असं मला वाटतं.

टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हवरचं झाकण) काढून पाहिलं. पुलीची खूण जुळवल्यावर एक नंबर सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह सैल आहेत आणि चार नंबरचे हलण्याच्या बेतात, म्हणजे कॉम्प्रेशनचा टीडीसी (पिस्टन सर्वात वर असण्याची जागा) बरोबर आहे. प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने, डेल्कोतला रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. पॉइंटचा गॅप १५ थाउ (इंचाचे हजारावे भाग), कंडेन्सर नवा.

गिअरच्या खाचेत बसणारी डेल्कोची जीभ मध्यावर नसल्यामुळे तो एकाच बाजूने बसतो, हे ठीक. पण गिअर पूर्ण खाली बसल्यावर त्याच्या खाचेची मोठी बाजू नेमकी कुठे यायला हवी? आत सरकताना गिअर फिरतो, त्यामुळे सुरुवात किती मागून करायची? कुणाकडे फोटो असेल तर फार उपकार होतील.

आणखी एक. आताच्या पेट्रोलवर आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात स्टॅटिक टायमिंग (इंजिन बंद ठेवून लावलेली ठिणगीची वेळ) टीडीसीच्या किती अंश आधी ठेवता? चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना इंजिन खडखडायला नको. धुळे, भुसावळ, अमळनेरकडे हे काम हाताने केलेले जुने मिस्त्री माहीत असतील तर नक्की सांगा, गाडी टेम्पोवर टाकून आणीन.