कॅलशॉटचा इतिहास म्हणजे केवळ श्नायडर करंडक नव्हे

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउथॅम्प्टनच्या खाडीच्या मुखाशी, कॅलशॉट नावाचा खडे-वाळूचा एक चिंचोळा दांडा आहे. तेथे आठव्या हेन्रीच्या काळातील किल्ल्याला लागून ब्रिटिश नौदलाने मार्च १९१३ मध्ये सीप्लेनचा, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा, तळ उभारला. या तळाचा विषय निघाला की चर्चा १९२९ आणि १९३१ च्या श्नायडर करंडक शर्यतींवर, म्हणजे सीप्लेनच्या आंतरराष्ट्रीय वेगस्पर्धांवर, येऊन थांबते. माझ्या मते हा त्या जागेवर अन्याय आहे. पहिल्या महायुद्धात येथे नौदलाचे वैमानिक पाण्यावरून उडायला आणि पाण्यावर उतरायला शिकले, आणि येथूनच इंग्लिश खाडीवर पाणबुड्यांच्या शोधासाठी गस्त घातली जाई. हे शिक्षण सोपे नव्हते: लाटा उंच असल्या तर फ्लोट (विमानाला पाण्यावर तरंगवणारे खालचे पोकळ भाग) मोडतात आणि पाणी आरशासारखे निश्चल असले तर ते फ्लोटला धरून ठेवते; शिवाय उतरताना उंचीचा अंदाजच येत नाही. १९३१ च्या शर्यतीत तर इटली आणि फ्रान्स उतरलेच नाहीत. प्रतिस्पर्धी नसलेल्या ब्रिटनच्या विजयाला इतके महत्त्व का द्यावे?

प्रतिसाद १
असहमत. गस्तीच्या विमानांनी बुडवलेल्या पाणबुड्या मोजक्याच होत्या. याउलट शर्यतीसाठी विमानरचनाकार मिचेल यांनी घडवलेल्या सुपरमरीन एस.६बी विमानाने १९३१ च्या सप्टेंबरात ताशी ४०० मैलांचा टप्पा ओलांडला. सरकारने हात आखडता घेतला तेव्हा धनाढ्य लेडी ह्यूस्टन यांनी एक लाख पौंड दिले, म्हणून हे घडले. दुसऱ्या महायुद्धात गाजलेले स्पिटफायर हे लढाऊ विमानही पुढे मिचेल यांनीच घडवले. जगाने जे लक्षात ठेवले त्याला कारण आहे.

धागालेखक
बुडवलेल्या पाणबुड्यांची संख्या हा गस्तीचा निकषच नव्हे. विमान दिसताच पाणबुडीला बुडी मारावी लागे, पाण्याखाली तिचा वेग बराच कमी होई आणि तोवर जहाजांचा ताफा पुढे निघून जाई. न घडलेल्या हल्ल्यांची नोंद कोण ठेवणार? स्पिटफायरला एस.६बीचा थेट वंशज म्हणणेही धाडसाचे आहे. मिचेल यांना वेगाचा अनुभव मिळाला हे खरे, परंतु स्पिटफायरची रचना स्वतंत्र होती.

प्रतिसाद २
वाद रंगला आहे, पण तुम्ही दोघेही १९१८ च्या पुढचा तळ शर्यतीपुरताच पाहत आहात. १ एप्रिल १९१८ रोजी नौदलाची हवाई शाखा रॉयल एअर फोर्समध्ये विलीन झाली, तरी प्रशिक्षण चालूच राहिले. १९४८ मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली तेव्हा कॅलशॉटशी संबंधित सन्डरलंड उडत्या बोटींनी तेथील हाफेल नदीवर उतरून मीठ पोहोचवले, कारण खाऱ्या पाण्यासाठीच बांधलेल्या त्या विमानांना मिठाने गंज चढण्याची भीती कमी होती. १९६१ मध्ये तळ बंद झाल्यावर ज्वालामुखीमुळे बेघर झालेले, दक्षिण अटलांटिकमधील ट्रिस्टन द कून्याचे बेटवासी येथेच राहिले.

प्रतिसाद १
मान्य, पण आज तळाच्या जुन्या हँगरमध्ये (विमाने ठेवण्याच्या शेडमध्ये) गिर्यारोहणाची भिंत आणि सायकलींचा ट्रॅक आहे. तिथे येणाऱ्या मुलांना पाणबुडीविरोधी गस्तीपेक्षा शर्यतीची गोष्टच आधी खेचून घेईल.

धागालेखक
आधी खेचून घेऊ दे, माझी हरकत नाही. मात्र ते हँगर कशासाठी बांधले गेले, हे शर्यतीच्या माहितीफलकाशेजारी तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे, एवढीच माझी मागणी आहे.