ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन: विमानाला किती वेळ धरावा?

वाटसरू_पुणे: मार्चमध्ये बाबांना घेऊन नॉर्वेला जातेय. बाबा ७१ वर्षांचे, भूगोलाचे शिक्षक होते. ८ मार्चला लाँगइयरब्येनमध्ये हिवाळ्याच्या लांबलचक अंधारानंतर सूर्य परत येतो, जुन्या हॉस्पिटलच्या पायऱ्यांपाशी गावकरी जमतात, तेव्हा तिथे असायचंच. ट्रॉम्सोहून विमानाला किती वेळ लागतो? परतताना त्याच दिवशी पुढे ओस्लो गाठता येईल का? तिथल्या तिकिटांचं बजेट दोघांचं मिळून ५० हजार, त्याच्या वर नको.

ओस्लोकर: अंतर साधारण ९६० किमी, मुंबई-दिल्लीपेक्षा कमीच. हवेत दीड-पावणेदोन तास. पण ट्रॉम्सो कशाला मधे? ओस्लोहून थेट जा, तीन तासांत पोचाल.

सुमाकाकू: आम्ही क्रूझने गेलो होतो गं, फार सुंदर, केबिनमधून हिमनदी दिसते, बाबांना विमानाची दगदग कशाला, पैसे थोडे जास्त गेले तर गेले.

बर्फवेडा: काकू, मोठ्या क्रूझ उन्हाळ्यात येतात, ती मार्चचं विचारतेय. आणि महत्त्वाचं कुणी बोललंच नाही. लाँगइयरब्येन ज्या बेटांवर आहे ते स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. जाताना पासपोर्ट तपासून शेंगेनबाहेर, येताना पुन्हा आत. सिंगल एन्ट्री व्हिसा असेल तर परतीला अडकाल. डबल किंवा मल्टिपलच मागा.

ओस्लोकर: हे थेट विमानालाही लागू आहे हं.

कोथरूडचा_मी: आपलं भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र तिथेच आहे ना, बाबांना दाखवा की.

बर्फवेडा: तिथे नाही. ते न्यी-ऑलेसुंदला, २००८ पासून. लाँगइयरब्येनहून अजून शंभरेक किमी, छोट्या विमानाने. उत्तर ध्रुव तर तिथूनही पुढे सुमारे १२०० किमी.

गारठलेला: त्याच दिवशी पुढचं विमान अजिबात घेऊ नका. आमचं वाऱ्यामुळे खाली उतरलंच नाही, वरून घिरट्या घालून परत ट्रॉम्सोला. बॅग तिथून भलतीकडेच गेली, दोन दिवस मी मित्राच्या स्वेटरवर काढले. कंपनीने नीट उत्तरही दिलं नाही, अजून राग येतो. थर्मल, लोकरीचे मोजे आणि बाबांची औषधं हातातल्या बॅगेतच ठेवा.

सुमाकाकू: व्हिसा मल्टिपल घ्या बरं का. आणि एक रात्र ट्रॉम्सोला राहाच.

ओस्लोकर: मीही तेच म्हणतो, नाहीतर थेट जा.

वाटसरू_पुणे: सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिसाचा अर्ज अजून भरला नव्हता, आता मल्टिपलच मागते, ही चूक नक्की झाली असती. पण ट्रॉम्सोमार्गेच जाणार. बाबांनी अ‍ॅटलासमध्ये ट्रॉम्सोच्या ७० आणि लाँगइयरब्येनच्या ७८ अंश अक्षांशांमधलं अंतर पट्टीने मोजून पेन्सिलने रेघ मारून ठेवलीय, तीच वाट त्यांना खिडकीतून बघायचीय. परतीचा मुक्काम बजेटमध्ये बसत नाही, म्हणून ओस्लोचं संध्याकाळचं विमान घेतलं, मधे पाच तास आहेत. मुंबईचं त्यानंतर दोन दिवसांनी. आजच तिकिटं काढली, बाबांना खिडकी मिळाली.