कॉर्कला (आयर्लंड) थांबावं की वेर्ण्याला (गोवा) परतावं? फार्मा क्यूसीतल्या (क्वालिटी कंट्रोल) आणि परदेशी राहिलेल्या मंडळींचा सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

सध्या माहेरी, सावईवेऱ्याला आहे. चवथीसाठी आले होते, 14 सप्टेंबरला मोपाहून परतीचं विमान आहे. त्याआधी, येत्या शुक्रवारपर्यंत, वेर्ण्याच्या माझ्या जुन्या साहेबांना नोकरीसाठी हो किंवा नाही कळवायचं आहे. आठ दिवस झाले, रोज रात्री एक ठरवते आणि सकाळी उठून दुसरंच वाटतं. घरात विचारलं तर प्रत्येक जण आपापल्या मायेनं बोलतो. म्हणून इथे विचारते.

थोडी पार्श्वभूमी. एमएस्सी केमिस्ट्री झाल्यावर वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत चार वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये होते. काम सगळं गोळ्यांचं: गोळीत औषध किती आहे (अ‍ॅसे), ते किती विरघळतं (डिसोल्यूशन), सोबत नको ते घटक किती (रिलेटेड सबस्टन्सेस). एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, माझा हात चांगला बसला होता. नाइट शिफ्टला नवा कॉलम लावून मोबाइल फेज (त्यातून वाहणारा द्राव) सोडायची आणि स्क्रीनवरची हलणारी बेसलाइन हळूहळू सरळ होताना बघत बसायचं. ती एकदा सरळ झाली की मग पहाटेपर्यंत काही टेन्शन नाही. ते काम मला मनापासून आवडायचं.

सासऱ्यांचा जन्म 1961 च्या आधीचा, गोव्यातलाच. त्यांची जन्मनोंद लिस्बनला करून घेतली, त्यावरून नवऱ्यालाही पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला. त्याचे चुलतभाऊ याच पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला गेले, पण ब्रेक्झिटनंतर, 2021 पासून, नव्याने जाणाऱ्यांसाठी तो रस्ता बंद झाला. आयर्लंड युरोपियन युनियनमध्येच आहे आणि भाषा इंग्रजी, म्हणून आम्ही 2024 च्या जानेवारीत कॉर्कला गेलो. नवरा आधी तारवटी होता, जहाजावर शेफ. आता तिथल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. माझा पासपोर्ट भारतीयच आहे. युरोपियन नागरिकाची बायको म्हणून मला स्टॅम्प 4 मिळाला, त्यावर वेगळ्या वर्क परमिटशिवाय कुठलीही नोकरी करता येते.

कॉर्कच का, तर शेजारच्या रिंगास्किडीला जगातल्या मोठमोठ्या औषध कंपन्यांचे प्लांट आहेत. बसमधून ते पहिल्यांदा बघितले तेव्हा वाटलं होतं, सहा महिन्यांत आपण आत असू.

तसं झालं नाही. तीन मुलाखती झाल्या. तिथली बरीच नवी कामं बायोलॉजिक्सची, म्हणजे जिवंत पेशींकडून तयार करून घेतलेल्या प्रथिनांच्या औषधांची. आमच्या गोळीतला रेणू लहान, एचपीएलसीवर त्याचं जवळजवळ सगळं कळतं. प्रथिनाचं तसं नाही. त्याची घडी नीट आहे का, रेणू एकमेकांना चिकटून गठ्ठे झालेत का, पेशींमधलं काही सोबत राहिलंय का, आणि मुळात ते औषध म्हणून काम करतं का, हे सगळं वेगवेगळ्या चाचण्यांनी बघावं लागतं. त्यातलं निम्मं मी फक्त पुस्तकात वाचलेलं. तिसऱ्या मुलाखतीत बाईंनी अगदी सौम्यपणे विचारलं, 'इन्स्ट्रुमेंटला शेवटचा हात कधी लावलात?' 2023 चा डिसेंबर, असं सांगताना माझाच आवाज खाली गेला.

दरम्यान घरभाडं तर द्यायचंच होतं. कॉर्कला घर मिळणं किती कठीण आहे हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. मी केअर असिस्टंटचे लेव्हल 5 चे मोड्यूल केले आणि एका नर्सिंग होममध्ये लागले. सकाळी आठ ते रात्री आठ. तासाला 14 युरो, 2025 चं किमान वेतन 13.50, त्याच्या जरा वर.

या कामाबद्दल कुणी कमीपणानं बोललं तर मला राग येतो, म्हणून नीट सांगते. आमच्याकडे नव्वदी ओलांडलेल्या एक आजी आहेत, शेतकऱ्याच्या घरातल्या. आठवण बरीच गेली आहे. रोज सकाळी मी त्यांचे केस विंचरायला घेतले की विचारतात, गवत कापून आत आलं का, पाऊस येईल. मी म्हणते, आलं. मग मी त्यांना सांगते की आमच्या कुळागरातली सुपारी अंगणात वाळत घातली की माझे बाबाही दिवसातून दहा वेळा आभाळाकडे बघतात. त्या माझा हात घट्ट धरतात. त्यांना रोज हे नवीन असतं. त्या माणसांचा मला लळा लागलाय. पण कंबर आत्ताच बोलायला लागली आहे, आणि आयुष्यभर हेच करायचं नाही हे मला नक्की माहीत आहे.

आता खरा पेच. तिथे स्प्रिंगबोर्ड म्हणून सरकारी अनुदानाचे कोर्स असतात, बायोफार्माचेही. नोकरीत असलेल्यांना फीच्या दहा टक्केच भरावे लागतात. मला हवं तेच. पण अट अशी की गेल्या पाचपैकी तीन वर्षं युरोपात राहिलेलं असावं. माझी तीन वर्षं 2027 च्या जानेवारीत भरतील. म्हणजे अजून सोळा महिने. तोवर लॅबपासून तुटून तीन वर्षं होतील.

आणि नेमकं आत्ता जुन्या साहेबांनी बोलावलंय. त्यांच्याकडे स्टॅबिलिटी सेक्शनला (औषध मुदतीपर्यंत टिकतं का ते तपासणारा विभाग) सीनियर अ‍ॅनालिस्टची जागा रिकामी आहे. चवथीला घरी आले होते, गणपतीवर बांधलेल्या फळांच्या माटोळीखाली बसून नेवऱ्या खाता खाता म्हणाले, 'तू ये, हात परत बसायला पंधरा दिवस पुरेत.' मी त्यांच्यासमोर कशीबशी धरून होते, नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडले. इतक्या दिवसांत मला माझ्या कामावरून कुणी हाक मारली नव्हती.

हो म्हटलं तर दीडेक वर्ष इथे काम करून, अनुभव ताजा करून परत जायचं, असा विचार आहे. पण तिथला कायमचा हक्क मिळायला पाच वर्षं सलग राहावं लागतं आणि वर्षातून एकूण सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की सलगता तुटते. म्हणजे पुन्हा शून्यापासून. शिवाय नवरा तिथे एकटा. आधीच तो सहा-सहा महिने बोटीवर असायचा आणि आम्ही दोघांनी ठरवून ते थांबवलं होतं. फोनवर तो म्हणतो, 'तुला जे बरं वाटेल ते कर.' तिथे शनिवारी इंग्लिश मार्केटमधून बांगडे आणायचे आणि इथून नेलेली तिरफळं घालून हुमण करायचं, एवढा एकच दिवस आम्ही दोघं धड एकत्र जेवतो. ते मोडायचं जिवावर येतं.

म्हणून विचारते.

भारतात गोळ्यांच्या क्यूसीतून युरोपात बायोलॉजिक्सकडे वळलेलं इथे कुणी आहे का? मध्ये दोन-तीन वर्षं वेगळं काम केलं असेल तर ते सीव्हीत कसं मांडलंत? मी सध्या केअरचं काम एका ओळीत उरकते, मैत्रीण म्हणते सविस्तर लिही. आणि एजन्सीमार्फत सहा-आठ महिन्यांच्या कंत्राटावर, रात्रपाळीला, सॅम्पल घेण्याचं का होईना, पण आत शिरलेलं कुणी आहे का? कोर्सची वाट न बघता तसं करायची माझी तयारी आहे.

नवरा-बायको दोन देशांत राहून नोकऱ्या केलेल्यांनीही मोकळेपणानं लिहा. कसे गेले ते दिवस, हेच ऐकायचं आहे.

भर, रात्री: प्रतिसादांत दोघांनी विचारलंय, दोघंही गोव्यात का परतत नाही. नवऱ्याचं भारतीय नागरिकत्व गेलं, पण ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) आहे, इथे खासगी नोकरी करता येईल. त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण आमचं कुळागर वारशानं माझ्याकडे येईल, त्यामुळे ती अडचण नाही. अडचण बाबांची आहे. ते सहासष्ट वर्षांचे, सुपारी-नारळ पाडणारे पाडेली वेळेवर मिळत नाहीत, तरी मी थांबते म्हटलं की तेच चिडतात. आज दुपारी माटोळीची सुपारी सोडवताना म्हणाले, 'माझ्यासाठी थांबू नको. कामासाठी थांबणार असशील तर थांब.' कंत्राटी कामाबद्दल ज्यांनी लिहिलंय त्यांचे आभार. अशा कंत्राटासाठी बायोलॉजिक्सचा अनुभव आधीच मागतात की आत गेल्यावर शिकवतात, एवढं कुणी गुरुवारपर्यंत सांगितलं तर साहेबांना उत्तर देणं सोपं जाईल.