वसंताची वाट बघताना: तुमचा फुलांचा झब्बू टाका (आणि माझ्या लाल ट्युलिपचं काय करू?)

मातकट_हात

माती गोठलेली आहे, खुरपं रुतत नाही. बियाण्यांच्या याद्या करून झाल्या, त्यातली अर्धी नावं खोडूनही झाली. आता उरलं काय, तर गेल्या वर्षीचे फोटो उघडून बसणं. तेव्हा मंडळी, आपापल्या बागेतल्या आवडत्या फुलाचा एक, फक्त एक, फोटो टाका, तोच तुमचा झब्बू. अट एवढीच की सोबत चार ओळी हव्यात. फूल त्या वेळी काय करत होतं, ऊन कुठून येत होतं, शेजारी काय उगवलं होतं, असं काहीतरी. नुसतं "किती सुंदर ना!" नको. सुंदर तर सगळीच असतात, बियाण्याच्या पाकिटावरची जरा जास्तच.

सुरुवात माझ्यापासून.

प्रचि (प्रकाशचित्र): हेलेबोर, खालून.

हे फूल मान खाली घालूनच उमलतं. उभं राहून बघणाऱ्याला फक्त त्याची पाठ दिसते. म्हणून फोन उलटा धरून जमिनीला टेकवला आणि पडद्याकडे न बघता बटण दाबत राहिले. बहुतेक फोटोंत माझी हनुवटी आली आहे, एकात मात्र फूल सापडलं. फिक्या हिरवट पाकळ्यांवर तांबडे ठिपके, आणि मधोमध छोट्या हिरव्या नळ्यांचं कडं. खरं तर त्या पाकळ्या नाहीतच, ती निदलं आहेत, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दलं. खऱ्या पाकळ्यांच्या झाल्यात त्या नळ्या, मधुरस साठवायला. पाकळ्या असत्या तर आठवड्याभरात गळल्या असत्या. निदलं टिकतात, त्यामुळे हे फूल कित्येक आठवडे झाडावर तसंच असतं, फक्त हळूहळू हिरवं पडत जातं. फोटो काढायला एवढी मुदत दुसरं कोणतं फूल देतं सांगा!

आता प्रश्न. माझ्याकडे गडद लाल ट्युलिप आहेत. डोळ्यांना त्यांच्यावर बारीक शिरा दिसतात, तळाशी काळपट झाक दिसते. फोटोत मात्र नुसता लाल डाग. त्याच फोटोतलं पांढरं डॅफोडिल अगदी नीट येतं. फोन बदलून बघितला, दुपारचं ऊन टाळून बघितलं. यंदा कळ्या यायच्या आत कोणी उपाय सांगेल का?

जुनी_लेन्स

दोष डोळ्यांचा नाही, हाताचाही नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग वेगवेगळे मोजतो, पण उजेड ठरवताना बहुतेक वेळा सगळ्यांचा मिळून विचार करतो. गडद लाल फुलातून हिरवा-निळा जवळजवळ येतच नाही. कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे, तो वाढवतो, आणि लाल रंग कमाल पातळीला जाऊन अडकतो. एकदा तिथे पोचला की शिरा आणि सावल्या सगळं एकाच लालात बुडतं. नंतर कितीही संपादन करा, जे नोंदलंच गेलं नाही ते परत येत नाही.

उपाय: फुलावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा. फोटो पडद्यावर थोडा काळोखा वाटेल, वाटू द्या. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर (फोटोतल्या उजेडाचं प्रमाण) -०.७ ते -१ च्या आसपास ठेवा, आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेड कुठे किती आहे ते दाखवणारा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. एकत्रित हिस्टोग्राम इथे साफ खोटं बोलतो. रॉ फाईल (सेन्सरने नोंदलेली कच्ची माहिती) मिळत असेल तर तीच घ्या. आकाश ढगाळ असेल तो दिवस सोडू नका.

आणि हो, एकदा फुलाच्या मागून ऊन येऊ द्या. पाकळीतून उजेड आरपार आला की शिरा आपोआप दिसतात.

माझा झब्बू स्नोड्रॉपचा. बर्फातून वर आलेलं, आजूबाजूला सगळं पांढरं. इथे उलटा खेळ. कॅमेरा बर्फाला राखाडी करून टाकतो, म्हणून उजेड +१ ने वाढवला. हेच फूल काळ्या मातीवर असतं तर कमी करावा लागला असता. आतल्या तीन छोट्या पाकळ्यांवरची हिरवी खूण दिसतेय ना, तेवढ्यासाठी पोटावर झोपलो होतो.

मातकट_हात

मागून ऊन! हे डोक्यातच आलं नव्हतं. माझे सगळे ट्युलिप भिंतीकडे तोंड करून आहेत, म्हणजे सकाळी भिंतीच्या आणि फुलांच्या मधे उकिडवं बसावं लागणार. शेजाऱ्यांना आता माझी सवय झाली आहे.

कांदेपोहे_नव्हे_कंद

नियम थोडा मोडतोय. माझ्या आवडत्या फोटोत उमललेलं फूलच नाही.

प्रचि: ट्युलिपचा कंद, उभा चिरलेला.

शरद ऋतूत लावणी करताना एक कंद कुदळीने अर्धा झाला. टाकून देण्याआधी सुरीने नीट चिरला. मधोमध बघा, फिकट पिवळसर कोंब आहे आणि त्याच्या आत अख्खं फूल. पाकळ्या, पुंकेसर, मधला बीजांडकोश, सगळं जागच्या जागी, नखाएवढं. पुढच्या वसंतातलं फूल उन्हाळ्यातच कंदाच्या आत तयार होतं. हिवाळ्यात त्याला फक्त थंडी हवी असते, साधारण १२ ते १६ आठवडे, ९ अंश सेल्सिअसच्या खाली. ती पुरली नाही तर देठ लांबत नाही, आणि फूल पानांतच अडकून बसतं.

म्हणून गोठलेल्या वाफ्याकडे बघून मला वाट बघतोय असं वाटतच नाही. फुलं तयार आहेत. आपण फक्त बघू शकत नाही.

मातकट_हात

नियम मोडल्याबद्दल माफ. हा फोटो माझ्या हेलेबोरपेक्षा सरस आहे हे नाइलाजाने मान्य करते.

गरम_हवेची_मी

आमच्याकडे गोठणं वगैरे प्रकार नाही, तरी ट्युलिप फुलवते. कंद कागदी पिशवीत घालून थंडीचे सगळे आठवडे फ्रिजमध्ये, मग थेट कुंडीत. एकच पथ्य: त्याच फ्रिजमध्ये सफरचंदं किंवा पिकती फळं ठेवायची नाहीत. फळांतून इथिलीन वायू निघतो आणि वर ज्या फुलाचा फोटो आहे ना, ते कंदाच्या आतच मरतं. वरून कंद ठणठणीत दिसतो, पानंही येतात, फूल येत नाही. घरातल्यांना हे पटवणं हे बागकामातलं सर्वात अवघड काम.

प्रचि: पिवळा ट्युलिप, कुंडीत, देठ आखूड. थंडी जरा कमी पडली त्याला. मला तसाच आवडतो.

उतावळा_माळी

माझा क्रोकस. एकाच फुलाचे दोन फोटो आहेत, म्हणून एकच धरा. डावीकडे ढग आलेले, फूल घट्ट मिटलेलं. उजवीकडे ऊन पडल्यावर थोड्याच वेळात, सताड उघडं, आत केशरी परागांनी माखलेली माशी. क्रोकस उजेडापेक्षा उबेला जास्त भुलतो. ऊब मिळाली की पाकळीची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा भराभर वाढते आणि फूल उघडतं. गार झालं की बाहेरची वाढते, मिटतं. ढगाळ दिवशी फोटो हवा असेल तर एक कळी तोडून घरात आणा, डोळ्यांदेखत उघडते.

आणि ज्यांना अजिबात धीर नाही त्यांच्यासाठी: फोर्सिथियाच्या काही फांद्या आत्ता कापा. गोलसर कळ्या फुलांच्या, टोकदार पानांच्या, तेव्हा गोलसर बघून निवडा. कोमट पाण्यात ठेवा, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. एक ते तीन आठवड्यांत पिवळं होतं. बाहेर बर्फ, आत हे. शाबासकी मला स्वतःलाच.

पट्टेवाला

प्रचि: पांढऱ्यावर किरमिजी ज्वाळा असलेला ट्युलिप.

ज्यांना वाटतं की मी रंग वाढवले, त्यांना सांगतो, नाही वाढवले. असाच आहे.

जुनी_लेन्स

@पट्टेवाला, फोटो झकास. पण हे पट्टे वाणातलेच आहेत की साधा ट्युलिप अचानक असा झाला? जुन्या काळी ज्या पट्ट्यांसाठी लोक वेडे झाले होते ते विषाणूमुळे येत, आणि मावा (रस शोषणारी बारीक कीड) तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. पट्टे संसर्गाने येतात हे डोरोथी केली या ब्रिटिश संशोधिकेने १९२८ मध्ये दाखवलं. १६३७ मध्ये हॉलंडमधल्या ज्या ट्युलिपच्या बाजाराचा फुगा फुटला, त्यातला सर्वात नावाजलेला 'सेम्पर ऑगस्टस' आज फक्त चित्रांत उरलाय. विषाणू दर वर्षी कंद अशक्त करत जातो.

पट्टेवाला

विकत आणला तेव्हापासून असाच आहे, सगळे कंद सारखे, ज्वाळाही सारख्याच. म्हणजे वाणच ना?

जुनी_लेन्स

सगळे सारखे असतील तर वाणच. हल्लीच्या पट्टेवाल्या वाणांत रंग जनुकांतून येतो. विषाणूचे पट्टे प्रत्येक फुलात वेगळे आणि वेडेवाकडे असतात. एखाद्या साध्या, एकरंगी ट्युलिपवर असे पट्टे अचानक दिसले तर मात्र फोटो काढा आणि कंदासकट उपटा. लिलीजवळ तर मुळीच ठेवू नका, तिलाही हा विषाणू लागतो.

मातकट_हात

हे वाचून मी माझ्या लाल ट्युलिपचे तीन वर्षांचे जुने फोटो पुन्हा उघडले, कुठे पट्टा आहे का बघायला. अर्थात काहीच कळलं नाही, सगळीकडे लाल डाग!

@कांदेपोहे_नव्हे_कंद, तो चिरलेल्या कंदाचा फोटो मोठ्या आकारात टाका ना. पुंकेसर मोजायचेत, सहा दिसतात का बघते. आणि डॅफोडिलवाले कुठे गेले सगळे? एरवी तुमचीच गर्दी असते.