मदत हवी आहे: ल्यूथर वॅन्ड्रॉसच्या 'बेस्ट ऑफ लव्ह'मधलं एक गाणं पूर्ण आहे का?

मंडळी, अमेरिकन गायक ल्यूथर वॅन्ड्रॉसचा १९८९ चा 'द बेस्ट ऑफ लव्ह' हा निवडक गाण्यांचा दोन सीडींचा सेट सेकंडहँड मिळतोय, घ्यायचाच आहे पण एका गाण्यावर घोडं अडलंय. 'अ हाऊस इज नॉट अ होम'. त्याच्या १९८१ च्या 'नेव्हर टू मच' अल्बममध्ये ते सात मिनिटांचं आहे, आणि खरी मजा शेवटच्या आळवण्यातच आहे, तेच कापलं असेल तर मग काय अर्थ?

विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणे सील उघडणार नाही, मागच्या कव्हरचा फोटो पाठवला तो इतका धूसर की मिनिटं वाचताच येत नाहीत. यूट्यूबवर तेच गाणं वेगवेगळ्या लांबीचं दिसतं, कुठलं कशातलं काही कळत नाही. स्ट्रीमिंग सुचवू नका प्लीज, गाडीत फक्त सीडी प्लेअर आहे. नंतरचे 'एसेन्शियल' वगैरे सेट पण नकोत, कारण या १९८९ च्या सेटमध्ये 'चेंज' ग्रुपसोबतची सुरुवातीची गाणी आहेत आणि 'हिअर अँड नाऊ' याच सेटसाठी नवीन केलं होतं.

ज्यांच्याकडे हा सेट आहे त्यांनी प्लेअरवर बघून सांगाल का, ते गाणं किती मिनिटांचं दिसतं?